सोमनाथराव मांडवाखालून धावतात

सोमनाथ आहेर यांनी सत्तावीस वर्षांच्या नोकरीत न वाचता सही केली असा कागद एकच, आणि तो त्यांच्यापुढे ठेवला होता त्यांच्याच मुलीने.

नाशिक रोडच्या एका सरकारी कार्यालयात ते मुख्य लिपिक. तिथे त्यांचा दरारा दोन गोष्टींसाठी. एक, वाचल्याशिवाय सही नाही. दोन, कागदावर खाडाखोड असेल तर ती करणाऱ्याची बाजूला छोटी सही हवी. नसेल तर कागद परत, मग तो मोठ्या साहेबांचा का असेना. एकदा ऑफिसातल्या एका शिपायाच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत मुहूर्ताची वेळ पेनाने दुरुस्त केलेली होती. सोमनाथरावांनी त्या बिचाऱ्याला उभं करून दुरुस्तीशेजारी सही घेतली आणि मगच अभिनंदन केलं. लग्न वेळेवर लागलं, त्याचं श्रेय ते आजही थोडंसं स्वतःकडे घेतात.

तर असा हा माणूस. रविवारची सकाळ होती, डाव्या हातात गरम पोह्यांची ताटली होती, आणि आठवीतल्या आरोहीने तीन कागद पुढे सरकवले. शाळेची डायरी, सहलीचं संमतीपत्र आणि तिसरा एक. सोमनाथरावांनी पहिले दोन वाचले आणि तिन्हींवर सही ठोकली. तिसऱ्यावर सहीखाली तारीख टाकायला गेले तेव्हा त्यांची नजर वर सरकली आणि तिथेच थांबली.

‘मी, खाली सही करणार, श्री. सोमनाथ केरू आहेर, लिहून देतो की, कॉलनीच्या क्रीडा मंडळाने आयोजित केलेल्या बाप-लेक दौडीत माझ्याऐवजी माझ्या मुलीचे मामा श्री. दीपक यांनी धावण्यास माझी काहीही हरकत नाही. सदर ना हरकत मी राजीखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय देत आहे.’

खरं सांगायचं तर पहिली दोन मिनिटं त्यांना अभिमानच वाटला. मसुद्यात एक चूक नव्हती. ‘सदर’ जिथे यायला हवा तिथेच आला होता. ऑफिसातल्या पदवीधरांना जे जमत नाही ते पोरीने वहीच्या पानावर करून दाखवलं होतं. अर्थ डोक्यात शिरला तो त्यानंतर.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“पप्पा, तुम्ही रागावणार नसाल तर सांगते,” आरोही म्हणाली.

प्रकरण असं होतं. कॉलनीच्या मंडळाने वीस दिवसांनी तीन किलोमीटरची दौड ठेवली होती. बाप आणि लेक, दोघांच्या हातात एकाच उपरण्याची दोन टोकं. टोक सुटलं की जोडी बाद. बाप आजारी असेल किंवा बाहेरगावी असेल, तर ना हरकत देऊन मामा किंवा काका पळू शकतो.

“मी आजारी नाही. मी बाहेरगावीही नाही. मी इथे पोहे खातोय.”

“हो, पण तुम्ही पळता ना,” आरोही अगदी सांभाळून म्हणाली, “तेव्हा सगळं वेगवेगळ्या दिशेला जातं.”

याला पुरावा उपलब्ध होता. मागच्या गणपतीत पालकांची शंभर मीटर धाव झाली होती. त्यात सोमनाथरावांचे हात पोहत होते, पाय सायकल चालवत होते आणि मान मागे कोण येतंय ते बघत होती. मागे कुणीच येत नव्हतं. शेवटचे तेच होते. अर्ध्यात डावी चप्पल निघाली, ती घ्यायला ते मागे वळले आणि बक्षीस वाटायला आलेल्या पाहुण्यांच्या पायात गेले. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, कॉलनीच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो आरोहीच्या वर्गात पोहोचला. वर्गातल्या मुली अजून मधल्या सुट्टीत ती चाल करून दाखवतात, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सोमनाथरावांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. दीपक मामा वाईट नव्हता. तो मनगटावर घड्याळ बांधून गंगापूर धरणापर्यंत पळत जायचा आणि परत येऊन वर काकडीचा रस प्यायचा. पण उपरण्याचं दुसरं टोक त्याच्या हातात, या कल्पनेने त्यांनी पोह्यांची ताटली खाली ठेवली.

“सही झाली आहे,” ते म्हणाले. “झालेली सही मी नाकारणार नाही. पण कागद अजून मंडळात गेलेला नाही. मला दोन आठवडे दे. त्यानंतरच्या रविवारी आपण दोघं उपरणं धरून कॉलनीला एक फेरी मारू. कुणी हसलं, तर कागद मंडळात दे टाकून.”

आरोहीने विचार केला. “कुणी म्हणजे एक जण हसला तरी?”

“एक जण हसला तरी.”

आरोहीने कागदाची घडी केली आणि कंपासपेटीत ठेवली. त्या कंपासपेटीकडे सोमनाथराव पुढचे पंधरा दिवस अशा नजरेने बघत होते, जशी माणसं दवाखान्यातून आलेल्या पाकिटाकडे बघतात.

आता आपल्याकडे धावणं ही एकट्याने करायची गोष्ट नाही. सोमवारी पहाटे त्यांनी जिन्याखाली बुटाची नाडी बांधली आणि तेवढ्यात तळमजल्यावरचं दार उघडलं. आतून धोंडीराम गुरुजी बाहेर आले. गुरुजींनी छत्तीस वर्षं शाळेत कवायत शिकवली होती, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांच्या तावडीत कुणी सापडलं नव्हतं.

“आहेर, पळायला शिकायचंय?” गुरुजींचे डोळे चकाकले. “मग नीट ऐका. छाती पुढे. पोट आत. गुडघा कमरेपर्यंत. टाच आधी, ठणकावून.”

सोमनाथरावांनी छाती पुढे काढली, पोट आत घेतलं, आणि त्यात श्वास कुठे ठेवायचा हा प्रश्न राहून गेला. गुरुजी बाजूने सायकलवर, गळ्यात शिट्टी. प्रत्येक शिट्टीला गुडघा वर. जेल रोडच्या भाजीवाल्यांनी हातातलं काम टाकून रस्ता मोकळा केला, कारण त्यांना वाटलं मागून मिरवणूक येतेय. सातव्या दिवशी सोमनाथरावांच्या नडग्या दुखायला लागल्या आणि गुडघा जिना चढताना कुरकुर करायला लागला. टाच ठणकावून टाकली की तो ठणका वर जातो आणि दाढेपर्यंत पोहोचतो, हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, “वेदना म्हणजे प्रगती.” स्वतः मात्र ते सायकलवरून उतरले नाहीत.

त्या संध्याकाळी दीपक आला. बहिणीच्या घरी तो जेवायला येतो आणि सल्ला देऊन जातो. त्याला ना हरकतीचं माहीत होतं, आणि खरं म्हणजे त्याने दौडीसाठी नवे मोजेही घेतले होते. पण दाजींना मदत करायला त्याचा जीव तयार होता. माणूस मनाने चांगला, हीच त्याची अडचण.

“दाजी, सगळा खेळ पावलांच्या संख्येचा आहे,” तो म्हणाला. “मिनिटाला एकशे ऐंशी. तुम्ही शंभरपण टाकत नाही. लांब ढांगा टाकता आणि प्रत्येक ढांगेला स्वतःलाच ब्रेक मारता.” मग त्याने दाजींच्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. ते मिनिटाला एकशे ऐंशी वेळा टिकटिक करायचं. दर टिकेला एक पाऊल.

संजनाने, म्हणजे सोमनाथरावांच्या बायकोने, हे सगळं पोळ्या लाटता लाटता ऐकलं. “पायांचं बघा, पण हातांचं काय?” ती म्हणाली. “मुठी अशा आवळता की कुणाला मारायला चाललाय. हातात नागलीचा पापड आहे असं समजा. पडू नये आणि मोडू नये.”

तिने सांगितलं ते ‘समजा’ म्हणून. पण कागदावर लिहिलेलं तंतोतंत करायची सवय लागलेला माणूस समजण्यावर थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सोमनाथराव दोन्ही हातांत एकेक भाजलेला नागलीचा पापड आणि खिशात टिकटिकणारा मोबाइल घेऊन घराबाहेर पडले.

सुरुवात झकास झाली. टिकटिकीवर पावलं पडत होती, पापड शाबूत होते, खांदे सैल होते. त्यांना वाटलं, हेच ते. नोटांच्या सरकारी प्रेसच्या लांबलचक भिंतीकडेने ते निघाले आणि दोनशे पावलांवर पापडाचा वास एका कुत्र्याला लागला. ते एकटं नव्हतं. त्याने बाकीच्यांना काही सांगितलं असावं, कारण वळणावर चार झाली. सोमनाथरावांनी वेग वाढवला. एकशे ऐंशीची मर्यादा ओलांडली. आता टिकटिक मागे पडली होती आणि कुत्री पुढे आली होती. अशा प्रसंगी पापड टाकून द्यावेत हे कुणालाही सुचेल. सोमनाथरावांना सुचलं नाही, कारण ‘पडू नये’ असं स्पष्ट सांगितलेलं होतं.

भिंतीच्या फाटकावरचा पहारेकरी पुढे झाला. त्याने कुत्र्यांना हाकललं, मग सोमनाथरावांना नीट पाहिलं. घामाने निथळणारा गृहस्थ, दोन्ही हातांत पापड, आणि खिशातून टिक टिक टिक टिक.

“अंकल, जेब में क्या है?” त्याने शांतपणे विचारलं.

“अ‍ॅप है,” सोमनाथराव धापा टाकत म्हणाले.

“और हाथ में?”

“पापड.”

“पापड क्यों?”

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत सोमनाथरावांनी कुठल्याही ‘का’ला उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं. त्या दिवशी झालं. पहारेकऱ्याने मोबाइल पाहिला, टिकटिक बंद केली, आणि अतिशय अदबीने दुसऱ्या रस्त्याने पळायला सांगितलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याच्या जागी सोमनाथराव असते तर त्यांनी लेखी खुलासा मागितला असता.

घरी आले तर देवळ्याहून आईचा फोन. बातमी तिथपर्यंत गेली होती, कारण संजनाने कळवली होती. कुसाबाईंनी आयुष्यभर कांद्याच्या शेतात काम केलं, पण विनाकारण पळणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. “का रे, पयी ऱ्हायना तू?” त्या अहिराणीत, काळजीने म्हणाल्या. “कोन लागनं तुना मांगे?”

“कुणी मागे लागलं नाही, माय.”

“मंग पयस कसाले?”

‘मग पळतोस कशाला’ हा प्रश्न डोक्यात घेऊन सोमनाथरावांनी फोन ठेवला आणि ते खुर्चीत बसले. नडग्या दुखत होत्या. रविवारच्या फेरीआधी पाचच दिवस उरले होते. आरोही समोरच गणितं सोडवत होती आणि कर्कटक काढायला तिने कंपासपेटी उघडली. घडी केलेला कागद आत दिसला. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि पेटी चटकन बंद केली. तिला त्यांची दया आली होती. हे मात्र त्यांना व्हिडिओपेक्षाही जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि दिंडोरी गाठली. दिंडोरीला त्यांचा चुलतभाऊ संतोष द्राक्षबाग करतो. सोमनाथराव गेले होते मन रमवायला आणि जमल्यास पाय शेकायला. पण फेब्रुवारीत द्राक्षबागेत कुणाचं मन रमवायला कुणाला वेळ नसतो. माल तोडणीला आला होता, गाडी दारात उभी होती, आणि पेठकडच्या मजुरांची टोळी मांडवाखाली नुसती धावत होती.

मांडव म्हणजे डोक्यावर तारांचं छत, त्यावर वेली, आणि खाली लोंबणारे घड. सोमनाथरावांची उंची बेताची, तरी घडांची टोकं त्यांच्या केसांना अगदी लागायच्या बेतात. एक बाई तोडलेल्या घडांचा कॅरेट कमरेवर घेऊन त्यांच्यासमोरून गेली. ती पळत होती, पण पळताना दिसत नव्हती. कमरेच्या वरचा भाग पाटावर बसल्यासारखा स्थिर, खाली पाय भराभर, आणि डोकं एका उंचीवर, रेघ मारल्यासारखं. शंभर घडांखालून गेली, एकालाही केस लागला नाही.

सोमनाथरावांच्या अंगावर काटा आला. आठ दिवस ज्याच्यासाठी धडपडले ते समोरून कॅरेट घेऊन चाललं होतं. ते उठले, एक रिकामा कॅरेट उचलला आणि तिच्यामागे पळाले.

पहिल्या ढांगेला डोकं घडावर आपटलं. दुसऱ्या ढांगेला तारेवर.

“दादा,” संतोष लांबून ओरडला, “मण्यावरची पांढुरकी झाक पुसली का माल बाद होतो. तुझ्या टकुऱ्याने दोन घड गेले माझे. तू ओट्यावर बस ना, च्या घे.”

ती बाई थांबली होती. तिचं नाव झुंबरबाई. वय पन्नाशीचं असेल. टोळीतल्या नव्या पोरींना मांडवाखाली चालायला तीच शिकवायची, आणि नवं कुणी चुकलं की हसायचा तिला हक्क होता. ती पदर तोंडाला लावून हसली आणि मग तिने कॅरेट खाली ठेवला.

“भाऊ, तू पळत नाय, तू उड्या मारतोस,” ती म्हणाली. “वर कुठं जायचंय तुला? आपल्याला म्होरं जायचं हाय.”

“मग काय करू?”

“पाय लांब टाकू नको. पाय पोटाखालीच पडला पाह्यजे. बारका टाक, पण लवकर टाक. अन् पायाकडं काय बघतो, पाय कुठं जात नाय. गल्लीच्या टोकाला बघ.”

सोमनाथरावांनी बघितलं. गल्लीच्या टोकाला संतोष कपाळाला हात लावून उभा होता.

झुंबरबाईने त्यांना तोडणी झालेल्या, रिकाम्या ओळीत नेलं. तिथे घड नव्हते, तारा होत्या. “इथं शिक. चुकलं त तूच रडशील, माल नाय रडायचा.” मग ती पुढे आणि ते मागे. बारकी पावलं. आवाज न करता. गुडघे जरासे नरम. हात कॅरेटभोवती सैल. सोमनाथरावांना तारेने अकरा वेळा टपली मारली. बाराव्या फेरीला मारली नाही. तेराव्याला नाही. चौदाव्याला त्यांच्या लक्षात आलं की आपण बोलतोय, म्हणजे पळता पळता बोलतोय आणि श्वास पुरतोय. आनंदाने ते एवढे उसळले की तारेने पुन्हा एक दिली.

“उसळू नको,” झुंबरबाई मागे न बघता म्हणाली. “खुशी झाली तरी नाय.”

संध्याकाळपर्यंत त्यांनी खरे भरलेले कॅरेट वाहिले आणि एकही मणी खराब केला नाही. निघताना ते झुंबरबाईला म्हणाले, “मावशी, माझ्या मुलीबरोबर पळायचंय मला. म्हणून शिकत होतो.”

“मंग तिला घेऊन येजो पुढच्या तोडणीला,” ती म्हणाली. “दोघं मिळून लय कॅरेट निघतील.”

पुढचे चार दिवस ते सगळीकडे मांडवाखालून हिंडले. ऑफिसात फायली नेताना, दूध आणताना, बाथरूमपर्यंत जाताना. डोक्यावर टाळूपासून चार बोटं वर काल्पनिक द्राक्षं. धोंडीराम गुरुजींनी शिट्टी वाजवून पाहिली, पण गुडघा काही वर आला नाही. शिष्य हातचा गेला म्हणून गुरुजी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

आणि रविवार आला. उपरणं आरोहीने आणलं. एक टोक तिच्या हातात, दुसरं त्यांच्या. आरोही आधी दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांकडे बघून घेत होती. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला मोबाइल काढून तयारच उभा होता, कारण आधीचा व्हिडिओ त्याचाच होता.

ते निघाले. एक चौक गेला. दूध केंद्र गेलं. देऊळ गेलं. इस्त्रीवाल्याने थोडा वेळ चित्रण केलं आणि कंटाळून मोबाइल खिशात घातला. सोमनाथरावांना मिळालेली ती पहिली शाबासकी. फेरी संपली तेव्हा कुणी हसलं नव्हतं. कुणी बघतही नव्हतं.

आरोही धापा टाकत उभी राहिली. त्यांच्याकडे बघत राहिली. मग उपरण्याची घडी घालत म्हणाली, “उद्या पण येताय ना सरावाला?”

सोमनाथराव उसळले नाहीत. झुंबरबाईने सांगितलेलं त्यांनी पाळलं. पण पायऱ्या चढताना त्यांना जिना संपूच नये असं वाटत होतं.

वर आले तर दीपक बसलेला. “दाजी, तुमचं एक काम करून टाकलं,” तो प्रसन्नपणे म्हणाला. “काल नावनोंदणीची शेवटची तारीख होती. कुणाच्या लक्षातच नाही. मी संजूताईकडून कंपासपेटीतला कागद घेतला आणि मंडळात टाकून आलो. पोचही घेतली.”

संजनाच्या हातातलं लाटणं थांबलं. “मला वाटलं शाळेचा कागद आहे,” ती म्हणाली. “मी वाचला नाही.” या घरात न वाचण्याचा तो दुसरा प्रसंग.

सोमनाथराव त्याच पावली क्रीडा मंडळात गेले. मंडळाचे सचिव सावळीराम. त्यांचीही सगळी नोकरी कागदातच गेली होती, त्यामुळे दोघांना एकमेकांबद्दल अतिशय आदर होता आणि त्याचा काहीही उपयोग नव्हता.

“आहेरसाहेब, ना हरकत आवक झाली आहे,” सावळीराम रजिस्टर फिरवून दाखवत म्हणाले. “यादी छापायला गेली.”

“मला हरकत घ्यायची आहे.”

“एकदा ना हरकत दिल्यावर हरकत कशी घेणार? घ्यायची तर अर्ज करा. अर्ज कार्यकारिणीपुढे ठेवू.”

“कार्यकारिणीची बैठक कधी?”

“दौडीनंतरच्या रविवारी.”

सोमनाथरावांना राग येईना, हीच पंचाईत होती. उत्तर अगदी नियमाप्रमाणे होतं. हेच उत्तर त्यांनी स्वतः किती जणांना दिलं असेल, आणि दिल्यावर शांतपणे चहा प्यायले असतील. पहिल्यांदाच ते खिडकीच्या अलीकडे उभे होते, आणि तिथून खिडकी बरीच उंच दिसत होती.

सावळीरामांनी रजिस्टर मिटलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “हे पाहा, कागदावर दीपक आहे. पण कागद काही पळत नाही. छातीवर दीपकचा नंबर लावून कोण पळतंय, ते बघायला आमच्याकडे माणूस नाही.”

म्हणजे खोट्या नावाने पळायचं. ज्याने लग्नपत्रिकेवर सही घेतली त्याने. सोमनाथराव घरी येऊन गॅलरीत येरझाऱ्या घालू लागले. दीपकने कान पकडले आणि आपला पाय मुरगळला आहे असं जाहीर केलं. कोणता पाय, ते त्याला नीट सांगता आलं नाही. आरोहीने उपरणं इस्त्रीला दिलं. ते बघून सोमनाथरावांनी येरझाऱ्या थांबवल्या.

दौडीच्या दिवशी त्यांच्या छातीवर नंबराखाली मोठ्या अक्षरात ‘दीपक’ होतं आणि शेजारी आरोही. एकवीस जोड्या. धोंडीराम गुरुजी शिट्टी घेऊन सुरुवातीला, संजना पाणी घेऊन वळणावर, आणि खरा दीपक पाय मुरगळल्याचं विसरून दोन्ही पायांवर उड्या मारत.

शिट्टी वाजली आणि सगळे बाप सुटले. त्यांचे गुडघे छातीला लागत होते. सोमनाथराव मांडवाखालून निघाले, बारकी पावलं, नजर गल्लीच्या टोकाला. पहिल्या किलोमीटरला ते सोळावे होते. लोक ओरडत होते, “चला, दीपकभाऊ, चला.” दुसऱ्याच्या नावाचा जयजयकार सहन करणं ही किती अवघड कला आहे, ते त्यांना तेव्हा समजलं. दुसऱ्या किलोमीटरला आरंभशूर बाप रस्त्याच्या कडेला कंबर धरून बसायला लागले आणि ‘दीपकभाऊ’ अकरावे झाले.

आणि तिथे आरोहीने पोटाला हात लावला. ती उत्साहात पुढे ओढत होती, लांब ढांगा टाकत होती, आणि आता कळ आली होती. “पप्पा, मला नाही होणार,” ती म्हणाली. तिचं टोक सैल झालं.

“सोडू नको,” सोमनाथराव म्हणाले. “पाय लांब टाकू नको. पोटाखाली टाक. बारका. वर द्राक्षं आहेत, डोकं लागू द्यायचं नाही.”

“कसली द्राक्षं?”

“संतोषकाकाची. एक्स्पोर्टची आहेत. टिक, टिक, टिक, टिक.”

ते तोंडाने टिकटिक करत राहिले. थोड्या वेळाने तिची पावलं त्यात मिसळली. कळ ओसरली. दोघांची डोकी एका रेषेत आली आणि उपरणं दोघांमध्ये निवांत झुलायला लागलं.

शेवटच्या वळणावर रस्त्यावर आडवा कापडी बॅनर होता. निवडणुकीतल्या कुणा इच्छुकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा. वाऱ्याने त्याची एक दोरी सैल झाली होती आणि इच्छुकाचं हसरं तोंड रस्त्याच्या बरोबर मध्ये, साडेपाच फुटांवर लोंबत होतं. पुढच्या सात जोड्यांतले उंच, उसळते बाप एकामागून एक त्यात गेले. कुणाची टोपी अडकली, कुणाचा चष्मा, कुणाची मान. एकाच्या हातातून उपरणं सुटलं. सोमनाथरावांनी वेग कमी केला नाही. मान खाली घातली नाही. ते आणि आरोही त्या बॅनरखालून तसेच निघून गेले आणि शुभेच्छांना केससुद्धा लागला नाही.

दोघं चौथे आले. बक्षिसं तीन होती. पण संजना रडत होती आणि आरोही उपरणं सोडायला तयार नव्हती. शर्यत संपून दहा मिनिटं झाली तरी दोघं एकाच उपरण्याला धरून लिंबूपाणी पीत होते.

मग सावळीरामांनी ध्वनिक्षेपकावर पुकारलं आणि सहभागाचं प्रमाणपत्र हातात ठेवलं. छापील, सोनेरी किनार, गोल शिक्का. ‘कु. आरोही हिच्यासमवेत श्री. दीपक यांनी ही दौड यशस्वीपणे पूर्ण केली.’ सोमनाथरावांनी ते पूर्ण वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. चुकीचं काहीच नव्हतं. कागदाप्रमाणे बरोबरच होतं. त्यांनी ते आरोहीकडे दिलं आणि उगाच बुटाची नाडी बांधायला खाली बसले.

उठून उभे राहिले तेव्हा आरोहीने सावळीरामांच्या खिशातलं पेन घेतलं होतं. प्रमाणपत्र टेबलावर ठेवून तिने ‘श्री. दीपक’वर एक सरळ रेघ मारली. वर लिहिलं, ‘माझे पप्पा’.

“अगं, ही खाडाखोड झाली,” सावळीराम हबकून म्हणाले. “हे चालणार नाही. विचार तुझ्या वडिलांना.”

“माहीत आहे,” आरोही म्हणाली. तिने रेघेच्या बाजूला छोटी सही केली, खाली तारीख टाकली आणि कागद सोमनाथरावांपुढे धरला. “आता बघा, पप्पा. नियमात बसतंय ना?”

सोमनाथरावांनी बघितलं. त्यांना अक्षर दिसेना, म्हणून त्यांनी चष्मा पुसला, तरी दिसेना. सत्तावीस वर्षांत त्यांनी कितीतरी दुरुस्त्या तपासल्या होत्या. त्यांनी मान डोलावली आणि तो कागद परत केला नाही.